गाजराचे अलगूज, वांग्याच्या चिपळ्या: भाज्यांचा वाद्यवृंद घरी कसा उभा करावा

गाजर ओठाला लावून कुणी धून वाजवतानाचा व्हिडिओ पाहिला की पहिली शंका येते ती फसवणुकीची. आवाज दुसऱ्याच वाद्याचा असेल, गाजर नुसते हातात धरलेले असेल, असे वाटते. तसे नसते. फुंकून वाजवायच्या वाद्यात वाजते ती आतली हवा. नळी बांबूची आहे, धातूची की गाजराची, याने सुराची उंची बदलत नाही. नळीची लांबी, पोकळीची रुंदी आणि फुंकर जिच्यावर फुटते ती धार, या तीन गोष्टी जमल्या की गाजर सुरात वाजते. निदान त्या संध्याकाळपुरते तरी नक्कीच.

व्हिएन्नाचा व्हेजिटेबल ऑर्केस्ट्रा १९९८ पासून हेच करत आला आहे. प्रत्येक कार्यक्रमासाठी ताज्या भाज्यांची नवी वाद्ये तयार होतात आणि कोरीवकामातून उरलेल्या भाजीचे सूप करून कार्यक्रमानंतर श्रोत्यांना वाढले जाते. ऑस्ट्रेलियाचे वादक आणि वाद्यकार लिन्झी पोलक यांनी रंगमंचावर, प्रेक्षकांदेखत, गाजराला भोक पाडून त्याचे क्लॅरिनेट केले आणि तिथल्या तिथे वाजवून दाखवले. दोघांचेही व्हिडिओ शोधून जरूर पाहावेत. पाहताना वादकापेक्षा त्याच्या हातातल्या वाद्याकडे नीट लक्ष द्यावे: भोक कुठून सुरू होते, कापाची दिशा कोणती, तोंडाशी काय बसवले आहे. पुढचे सगळे तिथूनच समजत जाते.

भाजी निवडताना

अर्धे यश भाजी निवडतानाच ठरते. गाजर सरळ हवे आणि वाकवून पाहिले तर अजिबात लवता कामा नये. लांबी २० ते २५ सेमी, जाड टोकाला व्यास ४ सेमी, बारीक टोकाला किमान २.५ सेमी. देठाकडचे टोक कापून आडवा छेद पाहावा. मधला गाभा वेगळ्या रंगाच्या वर्तुळासारखा दिसतो. तो बरोबर मध्यावर असेल तर गाजर घ्यावे. एका बाजूला सरकलेला असेल तर ड्रिलचे बिट गाभ्याच्या कडेने घसरत जाते आणि भिंतीतून बाहेर डोकावते. फार जून गाजराचा गाभा काष्ठासारखा कडक झालेला असतो. असे गाजर भोक पाडताना गाभ्याच्या रेषेने उभे तडकते. एका वाद्यासाठी तीन गाजरे जवळ असू द्यावीत. वाया काहीच जात नाही, सूप आहेच.

साल काढू नये. सालीमुळे आतले पाणी हळू उडते आणि वाद्य जास्त वेळ ताठ राहते. धुऊन, पुसून घेतले की पुरे.

जाड पांढरा मुळा गाजरापेक्षा मऊ आणि जास्त सरळ असतो. पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने मुळ्यावर सराव केला तर बरे. त्याचा आवाज थोडा कमी खणखणीत येतो, कारण आतली भिंत लवकर ओलसर आणि खरबरीत होते. काकडी फक्त कर्ण्यासाठी, आणि तीही बारीक, घट्ट, कमी बियांची.

पोकळी पाडणे

इथेच सर्वाधिक गाजरे फुकट जातात, म्हणून हे सावकाश वाचावे.

लाकडासाठीची साधी पिळाची बिटे लागतात: ६, ८, १० आणि १२ मिमी. चपट्या पात्याचे बिटही चालते. ज्या बिटाच्या टोकाला स्क्रूसारखे आटे असतात ते मात्र वापरू नये. ते लाकडात स्वतःला आत ओढून घेण्यासाठी असते. गाजरात ते पाचरीसारखे घुसून गाजर फोडते. बिट नवे असेल तर त्यावर तेलाचा थर असतो. गरम पाणी आणि भांडी घासायच्या साबणाने तो पूर्ण काढावा आणि बिट लगेच पुसून कोरडे करावे, नाहीतर गंजते.

गाजर हातात धरून ड्रिल कधीही चालवू नये. ओले गाजर हातातून फिरते आणि बिट तळव्यात जाते. लाकडी फळीत इंग्रजी व्हीच्या आकाराची खाच करून त्यात फडक्यात गुंडाळलेले गाजर ठेवावे आणि वरून शिकंज्याने हलके आवळावे. आवळताना गाजर करकरले की थांबावे, त्यापुढे ते आतून चिरते.

जाड टोकाच्या मध्यावर खूण करून आधी ६ मिमीचे भोक, मग ८, मग १०, आणि अलगुजासाठी १२. एकदम मोठे बिट घातले तर ते आपला रस्ता स्वतः शोधते आणि तो सरळ नसतो. गती सर्वांत कमी ठेवावी. दर २ सेमीनंतर बिट बाहेर काढून लगदा झटकावा. लगदा आत साचला की बिटाभोवती दाटतो, बाहेरच्या दिशेने दाब देतो आणि गाजर तडकते. आतून आलेला चिरकण्याचा आवाज म्हणजे हा लगदा दाटल्याची खूण.

नेहमीची बिटे आरपार जाण्याइतकी लांब नसतात. मग दोन्ही टोकांकडून अर्धे अर्धे भोक पाडून मध्ये जुळवावे. जोडाशी पायरी राहिली तर लांब काठीला खरकागद गुंडाळून ती घासून काढावी. एक मिमीची पायरी चालते. तीन मिमीची असेल तर खालचे सूर भसाडे होतात.

ड्रिल नसेल तर स्टीलचा जाड स्ट्रॉ, ८ ते १२ मिमी रुंदीचा, हे चांगले हत्यार आहे. पुढची कड कानशीने धारदार करून तो दाबत आणि गोल फिरवत आत न्यावा. गर स्ट्रॉमध्ये दांड्यासारखा येतो आणि काडीने मागून ढकलता येतो. मुळ्यात हे अगदी सहज जमते. गाजरात मनगट दुखते, तरीही छेद ड्रिलपेक्षा गुळगुळीत येतो.

पहिले वाद्य: नळ्यांचा पावा

अलगुजाकडे वळण्याआधी हे करावे. यात ना खिडकी कापायची, ना बोटांची भोके. एका सुराला एक नळी, खालचे टोक बंद. बाटलीच्या तोंडावर फुंकून सूर काढतो तसाच इथे नळीच्या कडेवर फुंकून निघतो.

सहा गाजरांचे ३ सेमी व्यासाचे तुकडे घ्यावेत आणि १० मिमी बिटाने वरून भोक पाडावे. भोकाची खोली अशी: सा ७८ मिमी, रे ६९, ग ६१, प ५१, ध ४५, तार सा ३७. तुकडा भोकापेक्षा किमान १५ मिमी लांब असावा, म्हणजे बूड फुटत नाही. यातला पहिला सा साधारण १०४७ हर्ट्झचा येतो, म्हणजे पांढरी एकचा, पियानोच्या मधल्या पांढरी एकपेक्षा दोन सप्तके वर. मध्यम आणि निषाद मुद्दाम वगळले आहेत. या पाच स्वरांत भूप वाजतो, जगभरच्या कितीतरी लोकधुनाही वाजतात, आणि कोणतेही दोन सूर एकत्र वाजले तरी कानाला टोचत नाहीत. लहान मुलांच्या हाती द्यायचे तर हाच पंचस्वरी संच उत्तम.

एक नियम पक्का लक्षात ठेवावा: भोक जितके खोल, तितका सूर खाली. म्हणून वरच्या आकड्यांपेक्षा ३ मिमी कमी खोल भोक पाडून सुरुवात करावी आणि फोनवरच्या ट्यूनरमध्ये, म्हणजे सूर मोजणाऱ्या ॲपमध्ये, पाहत पाहत खोली वाढवावी. ट्यूनर युरोपीय नावे दाखवतो, तेव्हा सा-रे-ग-प-ध साठी सी, डी, ई, जी, ए पाहायचे. चुकून भोक जास्त खोल गेले तर गाजराची पातळ चकती तळाशी दाबून बसवावी किंवा थेंब-थेंब पाणी टाकावे. पाणी वाढले की हवेचा खांब आखूड होतो आणि सूर चढतो. पाण्याने लावलेली नळी मात्र उभीच धरावी लागते.

वरचा काप अगदी आडवा आणि कड तीक्ष्ण हवी. कड गोल झाली की नुसता फुसफुस आवाज येतो. ताज्या सुरीने २ मिमीची चकती काढून टाकली की कड पुन्हा तीक्ष्ण होते. सूर थोडा चढतो, म्हणून भोक तेवढेच खोल करून घ्यावे. नळ्या उतरत्या क्रमाने शेजारी मांडून बांबूच्या दोन काड्या सगळ्यांतून आरपार खुपसाव्यात. काड्या भोकाच्या तळाखालून गेल्या पाहिजेत. भोकातून गेल्या तर नळी गळते आणि मुकी होते.

गाजराचे अलगूज

आता मुख्य काम. अलगुजात फुंकर एका अरुंद फटीतून येते आणि समोरच्या धारेवर आपटते. ओठांचे कसब लागत नाही, सगळे कसब सुरीच्या टोकावर असते.

१२ मिमी पोकळीचे, आरपार भोक असलेले, १८ सेमी लांब गाजर घ्यावे. जाड टोक तोंडाकडे.

खिडकी: जाड टोकापासून ३ सेमीवर आडवा, सरळ खाली पोकळीपर्यंत जाणारा काप घ्यावा. रुंदी ८ मिमी. मग त्याच्या १५ मिमी खालून सुरू करून वरच्या दिशेने तिरपा काप आणावा आणि मधला पाचरीसारखा तुकडा काढून टाकावा. खाली जी उतरती कड उरते ती धार. धार आणि वरचा आडवा काप यांच्यात ४ मिमी अंतर राहिले पाहिजे. कामाला टोकदार, पातळ, ताजे पाते असलेली सुरी हवी. बोथट सुरी गाजर कापत नाही, चिरडते, आणि चिरडलेल्या धारेवर हवा फुटत नाही.

गुटका: पोकळीत तोंडाकडून घट्ट बसेल असा ३ सेमी लांब दंडगोल. बाटलीचे नैसर्गिक बूच तासून घेतले तर सर्वांत चांगले. लाकडी दांडाही चालतो. गाजराचा गुटका दिसतो सुंदर, पण तासाभरात आकसतो आणि कडेने हवा सोडतो. गुटक्याची एक बाजू सपाट तासावी: तोंडाकडे दीड मिमी, खिडकीकडे एक मिमी. सपाट बाजू खिडकीच्या दिशेने ठेवून गुटका आत सरकवावा. त्याचे आतले टोक खिडकीच्या आडव्या कापाशी बरोबर जुळले पाहिजे. सपाट बाजू आणि गाजराची भिंत यांच्यातली फट हीच फुंकरीची वाट.

हळू फुंकून पाहावे. सूर न येता नुसती हवा येत असेल तर गुटका अर्धा मिमी मागे-पुढे करून पाहावा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होते. तरी नाही, तर डोळ्याजवळ धरून फटीतून सरळ पाहावे. धार फटीच्या मधोमध, किंचित खालच्या बाजूला दिसली पाहिजे. वर दिसत असेल तर पोकळीच्या बाजूने न कापता बाहेरचा उतार आणखी तासावा, म्हणजे कड खाली येते. आवाज येतो पण घोगरा आणि हवेशीर असेल तर फट जास्त उंच झाली आहे. नवा गुटका कमी तासून घ्यावा. हलक्या फुंकरीतही सूर एकदम वरच्या सप्तकात उडी मारत असेल तर खिडकी फार आखूड आहे. धार मागे घेऊन अंतर पाच मिमी करावे. आणि वाजता वाजता अचानक बंद पडले तर फटीत थुंकी किंवा गाजराचे पाणी साचले आहे. खिडकीवर बोट ठेवून जोराने फुंकर मारली की ते निघून जाते. गाजरात हे धातूच्या किंवा लाकडाच्या वाद्यापेक्षा फार लवकर होते, कारण भिंतीतूनही पाणी झिरपत असते.

धारेपासून खालच्या तोंडापर्यंत साधारण १५ सेमी राहिले की सगळी भोके बंद असतानाचा सूर १००० हर्ट्झच्या थोडा खाली-वर येतो. खालचे टोक दोन-दोन मिमी कापून तो हव्या त्या पट्टीत चढवावा. हे बोटांची भोके पाडण्याआधीच करायचे, नंतर केले तर सगळी भोके बेसूर होतात.

बोटांची भोके चार पुरेत: रे, ग, प, ध. त्याआधी एक गोष्ट, जी बहुतेक व्हिडिओंत दाखवत नाहीत. गाजराची भिंत बारीक टोकाला साधारण ७ आणि जाड टोकाला १४ मिमी जाड असते. एवढ्या जाड भिंतीतले भोक स्वतःच एक छोटी नळी बनते आणि सूर खाली ओढते. म्हणून भोकांच्या ओळीत बाहेरून गाजर सपाट तासून भिंत ४ ते ५ मिमीच ठेवावी. बोटांना टेकायला सपाट जागाही मिळते.

सुरुवातीच्या खुणा खालच्या तोंडापासून मोजून: २५, ३९, ६५ आणि ७९ मिमी. भोक ४ मिमीचेच पाडावे. सूर खाली येईल, तो यावाच. मग गोल कानशीने किंवा सुरीच्या टोकाने भोक थोडे थोडे मोठे करत सूर वर आणावा. क्रम खालून वर: रे पूर्ण लागल्याशिवाय ग ला हात लावू नये, कारण खालच्या भोकाचा आकार वरच्या सगळ्या सुरांवर परिणाम करतो. भोक ७ मिमी होऊनही सूर उतरलेलाच असेल तर भोकाची वरची, धारेकडची कड तासून ते त्या दिशेने लांबट करावे. सूर चढला असेल तर भोकाच्या वरच्या, धारेकडच्या कडेला कोरडे पुसून मधमाश्यांच्या मेणाची लहान गोळी दाबावी. चिकटपट्टी ओल्या गाजरावर टिकत नाही.

क्लॅरिनेट आणि कर्णा

पोलक यांच्या पद्धतीचे गाजर-क्लॅरिनेट दिसायला अवघड, करायला अलगुजापेक्षा सोपे, कारण आवाज तयार करणारा भाग विकतचा असतो: सॅक्सोफोनचा मुखभाग आणि त्यावरची वेताची पत्ती. शिकाऊ वादकांचा प्लास्टिकचा मुखभाग आणि दीड किंवा दोन क्रमांकाची मऊ पत्ती घ्यावी. गाजराला १२ मिमीची आरपार पोकळी, आणि जाड टोकाला मुखभागाचा बुंधा १२ ते १५ मिमी आत बसेल एवढी रुंद खाच. बुंध्याचा व्यास मोजून खाच अर्धा मिमी कमीच करावी. गाजर दाबले जाते आणि जोड हवाबंद होतो. फार आवळून बसवला तर तोंडाशी चीर जाते. चीर गेलीच तर त्या टोकाभोवती रबरबँड घट्ट गुंडाळावे. खालच्या टोकाला छोटे नरसाळे खोचतात. त्याने आवाज थोडा मोकळा होतो, शोभाही वाढते.

वाजवताना एक गोष्ट चकित करते. तेवढ्याच लांबीच्या अलगुजापेक्षा हा सूर जवळजवळ एक सप्तक खाली येतो. पत्तीकडचे टोक हवेच्या दृष्टीने बंद असते म्हणून. त्याच कारणाने जोर वाढवला तर वरचा सा न मिळता थेट तार पंचम मिळतो. बोटांची जुळणी अलगुजासारखी समजून वाजवायला गेल्यास इथे गोंधळ होतो.

काकडीचा कर्णा ओठांच्या थरथरीवर चालतो. ३० सेमीची काकडी दोन्ही बाजूंनी लांब चमच्याने पोखरून २ सेमीची पोकळी करावी. ४ सेमीच्या गाजराच्या तुकड्याला एका बाजूने १६ मिमी रुंद, १० मिमी खोल वाटी कोरावी आणि तिच्या तळातून ४ मिमीचे भोक आरपार पाडावे. दुसरी बाजू निमुळती करून काकडीत दाबावी. पुढच्या टोकाला ढोबळी मिरची: देठाकडून काकडीच्या जाडीएवढे भोक, समोरचे बूड पूर्ण कापलेले, बिया आणि पडदे काढलेले. ओठ मिटून वाटीत पर्र असा आवाज काढला की कर्णा बोलतो. एक किंवा दोनच सूर मिळतात, पण ते दणदणीत असतात. वाटीचे भोक ६ मिमीच्या पुढे गेले तर श्वास लगेच संपतो आणि सूर धरवत नाही.

ताल

भोपळा ३ ते ५ किलोचा, कडक सालीचा. बुडाकडे १० सेमीचे तोंड कापून आतला गर भिंत २ सेमी राहीपर्यंत काढावा. न पोखरलेला भोपळा नुसता ठक् वाजतो. पोखरल्यावर आतली हवा घुमू लागते. तोंड मोठे केले की घुमण्याचा सूर चढतो, म्हणून लहान तोंडाने सुरुवात करून कान लावत वाढवावे. तोंडाजवळ तळव्याने मारले तर खर्ज मिळतो, बाजूला बोटांनी मारले तर कडक बोल. पोखरल्यावर तीन-चार तास उघडा ठेवला की आतली ओल कमी होते आणि आवाज स्पष्ट होतो.

वांग्याच्या चिपळ्या दोन मिनिटांत होतात. लांबट, टणक, चकचकीत सालीचे वांगे बुडाकडून देठाकडे उभे चिरावे, देठाजवळ ४ सेमी जोडलेले ठेवावे आणि दोन फाका एकमेकींवर आपटाव्यात. मऊ वांग्याचा आवाजच येत नाही. काप काळा पडतो, त्याने वाजण्यात फरक नाही.

खुळखुळ्यासाठी ढोबळी मिरची देठाकडून उघडून आतून कापडाने पूर्ण कोरडी करावी, दोन टेबलचमचे कोरडी कडधान्ये घालावीत आणि देठ परत खोचावा. ओल राहिली की दाणे भिंतीला चिकटतात. कोरडी केली तरी अर्ध्या तासात हे होणारच, म्हणून दाणे अगदी वाजवायच्या वेळी भरावेत.

लीकच्या (कांद्याच्या वर्गातली, पांढऱ्या जाड दांड्याची पातीसारखी भाजी) दोन जुड्या पाण्यात बुडवून एकीचे पान दुसरीच्या पांढऱ्या दांड्यावर दाबून ओढले की चिरका, सारंगीच्या रडव्या सुरासारखा आवाज येतो. पान अडकते, सुटते, पुन्हा अडकते. गज तारेवर हेच करतो. कोबीची बाहेरची पानेही एकमेकांवर घासली की अशीच कुरकुरतात. कांद्याची सुकी साले मुठीत चुरली तर पावसाची सर ऐकू येते, पण फक्त माइकजवळ.

वेळ आणि तापमान

फ्रिजमधून काढलेले गाजर लगेच सुरात लावू नये. हवा ५ अंशांवर असताना ध्वनीचा वेग सेकंदाला ३३४ मीटर असतो, २५ अंशांवर ३४६. एवढ्या फरकाने सूर साडेतीन टक्के चढतो, म्हणजे लगतच्या दोन पट्ट्यांमधल्या अंतराच्या निम्म्याहून जास्त. भाज्या तासभर आधी बाहेर काढाव्यात, आणि सूर तपासण्याआधी नळीत अर्धा मिनिट उबदार श्वास सोडावा.

पोकळ्या आदल्या रात्री पाडून ठेवता येतात. गाजरे ओल्या फडक्यात गुंडाळून, झाकणाच्या डब्यात, फ्रिजमध्ये. पाण्यात बुडवून रात्रभर ठेवू नयेत, आतून-बाहेरून पाणी पिऊन ती फुगतात आणि उभी चिरतात. खिडकी, धार आणि बोटांची भोके मात्र वाजवायच्या दिवशीच. धार सगळ्यात आधी सुकते आणि वळते. कार्यक्रमाच्या मध्ये वाद्य मऊ पडले तर दहा मिनिटे थंड पाण्यात ठेवून, झटकून, पुसून घ्यावे. बरेच सावरते.

फोनवर चित्रित करताना अलगूज आणि कर्ण्यापासून फोन ६० ते ८० सेमी दूर, फुंकरीच्या रेषेच्या बाजूला. पाने, साले, लीक १० सेमीवरून. दोन्ही एकाच वेळी टिपायचे तर दोन फोन लावावेत, कारण एकच फोन मोठ्या आवाजापुढे स्वतःची पातळी खाली आणतो आणि पानांची सळसळ गायब होते. बनवतानाची दृश्ये जरूर ठेवावीत: बिट आत जाताना, धार कापताना, आणि पहिला फसका आवाजही. पाहणाऱ्याला गाजराच्या खरेपणाची खात्री त्यातूनच पटते.

उरलेली भाजी, आणि घरातली जनावरे

सुपासाठी स्वच्छ तासलेला गर आणि चकत्याच घ्याव्यात. तोंडाला लावलेली वाद्ये खतात जावीत. तासलेला गर काम चालू असतानाच डब्यात भरून फ्रिजमध्ये टाकावा, दोन तासांहून जास्त बाहेर राहू देऊ नये. गाजर, भोपळा, लीक आणि ढोबळी मिरची मिळून एक किलोला दीड लिटर पाणी, २५ ते ३० मिनिटे उकळी, मग घुसळून मीठ-मिरपूड. काकडी त्यात घालू नये, चव पाणचट होते.

कुत्रा किंवा मांजर असेल तर पाव्याच्या वरच्या सुरांच्या वेळी त्यांना खोलीबाहेर जाण्याची वाट मोकळी असावी. कानाजवळची तीव्र शिट्टी त्यांना आपल्यापेक्षा जास्त त्रास देते. कांदा, लीक आणि लसूण त्यांच्या तोंडी कधीही जाऊ नये. या वर्गातल्या भाज्यांनी त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, शिजवल्यानेही धोका जात नाही. म्हणून सूपही त्यांच्यासाठी नाही.

गिनिपिग मात्र या सगळ्या उद्योगाचे हक्काचे श्रोते. भाजीची सळसळ कानी पडली की ते स्वतःच उंच शिट्ट्या घालू लागतात आणि चित्रीकरणात त्या फार गोड येतात. माणसासारखेच त्यांनाही क जीवनसत्त्व आहारातूनच मिळवावे लागते, त्यामुळे खुळखुळा करताना उरलेले ढोबळी मिरचीचे तुकडे त्यांना बिनधास्त द्यावेत, बिया आणि देठ काढून. गाजरात साखर जास्त, म्हणून गिनिपिग किंवा सशाला एक-दोन पातळ चकत्याच. वांग्याचा देठ आणि हिरवी पाने दोघांनाही देऊ नयेत.